चमचाभर विरजण

दिवाळीच्या फराळावर ताव मारून बसलेल्या वाचकांपुढे आंबट ताकाचा विषय काढणे म्हणजे धारिष्ट्यच! पण आमच्या बीड जिल्ह्यात, निदान अंबाजोगाईच्या बाजूला, दिवाळी सरली की बायकांचे लक्ष मार्गशीर्षातल्या वेळ अमावस्येकडे लागते. लातूर-धाराशिवकडची ही ‘येळवस’ आमच्या शिवारातही साजरी होते. उभ्या ज्वारीत कडब्याची कोपी करायची, आत पांडव मांडून पूजा करायची आणि भज्जी-उंड्यांच्या जोडीला माठातली गार आंबील ओरपायची. शहरी पाहुणा पहिल्या घोटाला तोंड वाकडे करतो. तिसऱ्या पेल्याला आपण होऊन हात पुढे करतो.

माझ्या लहानपणची एक येळवस मात्र आंबिलीवाचूनच जायची होती. १९७२ चा दुष्काळ. वैरण संपली म्हणून गाय विकलेली. गायीबरोबर दूध गेले आणि दुधामागून विरजणही गेले. सणाच्या आदल्या दुपारी आई शेजारच्या काकूंच्या दारात उभी राहिली. ताकाला जाऊन भांडे लपवणारी ती नव्हे, पण त्या दिवशी तिची मान खाली होती.

“ताक कुठलं गं माय आता!” काकू म्हणाल्या. मग मडक्याच्या तळचे चमचाभर दही त्यांनी खरवडून आईच्या वाटीत घातले. “इरजण तेवढं ने. इरजणाला नाही म्हणू नये.”

आईने ज्वारीचे पीठ पाण्यात शिजवले, कोमट होऊ दिले, त्यात ते दही कालवले आणि मडके गोधडीत गुंडाळून चुलीशेजारी ठेवले. सकाळी आंबील नेहमीइतकी आंबट नव्हती. पण आंबील होती.

त्या रात्री गोधडीत काय घडले, ते मला पुढे विज्ञान शिकताना कळले. चमचाभर दह्यात कोट्यवधी जंतू असतात. ते साखर खातात आणि लॅक्टिक आम्ल तयार करतात. आंबटपणा वाढला की नासवणाऱ्या पुष्कळ जंतूंचा तेथे निभाव लागत नाही. हे आंबणे सजीवांचे काम आहे, असे लुई पाश्चर यांनी १८५७ मध्ये दाखवले. पुढे मेच्निकॉफ या शास्त्रज्ञाने १९०७ च्या सुमारास सांगितले की, बल्गेरियातील शेतकरी दीर्घायुषी होतात ते आंबट दुधामुळे. दुसऱ्याच वर्षी त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले, पण ते रोगप्रतिकारशक्तीवरील संशोधनासाठी! स्वतः नेमाने आंबट दूध पिणारे हे गृहस्थ १९१६ साली एकाहत्तराव्या वर्षी वारले.

आजचे शास्त्र अधिक सावध आहे. २००१ साली जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या तज्ज्ञांनी ‘प्रोबायोटिक’ शब्दाची व्याख्या केली. तिचा मथितार्थ असा: जंतू जिवंत हवेत, पुरेशा संख्येने पोटात जायला हवेत आणि त्यांनी प्रकृतीला फायदा व्हायला हवा. या कसोटीला आपली आंबील लावून पाहा. कित्येक घरी पीठ आधी आंबवतात आणि मग शिजवतात. पदार्थ रुचकर, पचायला हलका. पण जंतू मेलेले. इडली-ढोकळ्याची गत तीच. आईसारखी शिजवून मग आंबवली, तर जंतू जिवंत राहतात.

तेवढ्याने ती औषध ठरते का? ओडिशातील खेड्यांत साडेचार हजारांवर नवजात बालकांवर केलेला एक प्रयोग २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. आंबवलेल्या धान्यांत आढळणाऱ्या लॅक्टोबॅसिलस प्लांटॅरम या जातीचे एक निवडक वाण, जंतूंच्या खाद्यासह, आठवडाभर दिले. गंभीर जंतुसंसर्ग व मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण ९ टक्क्यांवरून ५.४ वर आले. केवढी मोठी गोष्ट! पण ते पारखलेले वाण होते, मोजून दिले होते. एकाच जातीच्या दोन वाणांचे गुण वेगळे असू शकतात. आमच्या मडक्यात कोणते वाण आहे, हे कोणी पारखले आहे?

हा भेद मला पुस्तकाने शिकवला नाही. माझ्या पुतण्याच्या दीड वर्षाच्या मुलाला जुलाब लागले, तेव्हा “आंबील पाजा, त्यात चांगले जंतू असतात,” हा सल्ला माझाच. दुसऱ्या सकाळी पोराचे डोळे खोल गेले, हाक मारली तरी मान उचलेना. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, “मास्तर, जंतूंचं मागाहून बघू. आधी पाणी!” सलाईन लागले, मग क्षारसंजीवनी चमच्याचमच्याने पाजली आणि मूल सावरले. त्याची आई मला एका शब्दाने बोलली नाही. ते मौन मला आजही बोचते.

तेव्हापासून मी आंबिलीला औषध म्हणत नाही, जेवण म्हणतो. दूध न सोसणाऱ्या अनेकांना दही सोसते, कारण त्यातले जिवंत जंतू दुधातली साखर पचवायला हातभार लावतात. एवढे गुण तिच्या सोयरिकीला पुरे आहेत. स्वच्छ पाणी, झाकलेले मडके, धुतलेले हात एवढे पथ्य मात्र पाळावे.

काकू आता नाहीत. आमच्या घरी आता विकतच्या दुधाला विरजण लागते, तरी रोज रात्री चमचाभर दही बाजूला काढून ठेवले जाते. गेल्या येळवशीच्या आदल्या दिवशी गल्लीत नव्याने राहायला आलेली एक सून वाटी घेऊन दारात घुटमळत होती. मी काही म्हणायच्या आतच आमच्या घरातून आवाज आला, “ये गं माय, आत ये. इरजणाला नाही म्हणू नये.”