कन्फेशन आणि पश्चात्ताप : गैरसमज आणि वस्तुस्थिती

पापाची कबुली, पश्चात्ताप आणि क्षमा या ख्रिस्ती जीवनातल्या एकमेकींत गुंतलेल्या गोष्टी आहेत. कॅथलिक चर्चने त्यांना सात संस्कारांपैकी एकात स्थान दिले आहे. मराठीत त्याला प्रायश्चित्त संस्कार म्हणतात. बोलताना मात्र सगळे कन्फेशनच म्हणतात. रायगडच्या किनाऱ्यावर ही परंपरा सोळाव्या शतकापासून आहे. पोर्तुगिजांनी १५२१ मध्ये चौल-रेवदंड्याला किल्ला बांधायला घेतला आणि त्यांच्यामागोमाग फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन, जेझुइट अशा संघांचे धर्मगुरू आले. १७४० मध्ये चौल आणि कोर्लई मराठ्यांकडे आले, पोर्तुगीज निघून गेले. पण कुंडलिकेच्या मुखाशी, कोर्लई किल्ल्याच्या पायथ्याला राहणारा कॅथलिक समाज तिथेच राहिला. पोर्तुगीज आणि मराठीच्या मेळातून झालेली त्याची बोली आजही टिकून आहे. गावातले माउंट कार्मेल चर्च मुंबई महाधर्मप्रांतात येते. इतका जुना शेजार असूनही चर्चबाहेरच्या अनेकांना कन्फेशन माहीत असते ते सिनेमातल्या प्रसंगांवरून. त्यामुळे त्याबद्दलचे काही गैरसमज घट्ट रुजले आहेत.

गैरसमज १ : फादर स्वतःच्या अधिकारात पाप माफ करतात.

वस्तुस्थिती : कॅथलिक शिकवणीनुसार क्षमा देव करतो; धर्मगुरू त्याचा सेवक म्हणून ती जाहीर करतो. पुनरुत्थित येशूने शिष्यांना पापक्षमेचा अधिकार दिल्याचा उल्लेख योहानच्या शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायात आहे, त्यावर हा संस्कार उभा आहे. फादरही दुसऱ्या फादरसमोर गुडघे टेकतात. बिशप आणि पोपही त्याला अपवाद नाहीत. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीमुळे चर्चची दारे बंद झाली, तेव्हा रोमने श्रद्धावंतांना एका जुन्या शिकवणीची आठवण करून दिली : देवावरच्या प्रेमापोटी मनापासून पश्चात्ताप केला आणि शक्य होताच कन्फेशन करण्याचा निश्चय केला, तर फादर भेटण्याआधीही क्षमा मिळते.

गैरसमज २ : कबूल केले की मोकळे, पुन्हा पाप करायला हरकत नाही.

वस्तुस्थिती : या संस्कारात पश्चात्तापी माणसाकडून तीन गोष्टी अपेक्षित असतात : मनापासूनचा पश्चात्ताप, पापांची स्पष्ट कबुली आणि भरपाई. पश्चात्तापातच पुन्हा ते न करण्याचा निश्चय येतो. निश्चयच नसेल, तर कबुली पोकळ ठरते. प्रत्यक्ष विधी साधा असतो. माणूस क्रुसाची खूण करतो, मागच्या कन्फेशनला किती काळ झाला ते सांगतो आणि आपली पापे एकेक करून बोलून दाखवतो. फादर उपदेश करतात, प्रायश्चित्त म्हणून प्रार्थना किंवा एखादे सत्कृत्य नेमून देतात. मग तो पश्चात्तापाची प्रार्थना म्हणतो आणि फादर हात उंचावून पिता, पुत्र व पवित्र आत्म्याच्या नावाने पापमुक्तीचे शब्द उच्चारतात.

तरीही केलेले नुकसान आपोआप भरून येत नाही. कोणी बांध कोरून शेजाऱ्याची हातभर जमीन आपल्या शेतात घेतली असेल, तर बांध पूर्वीच्या जागी न्यावा लागतो. मापात मारले असेल, तर पैसे परत करावे लागतात. खोटे बोलून कोणाची बदनामी केली असेल, तर त्याचे नाव निष्कलंक करण्यासाठी शक्य ते सारे करावे लागते. लूकच्या शुभवर्तमानातला जकातदार जक्कय याचा नमुना आहे : येशू घरी आला तेव्हा त्याने अर्धी मालमत्ता गरिबांना देण्याचे आणि ज्यांना लुबाडले त्यांना चौपट परत करण्याचे वचन दिले.

गैरसमज ३ : पैसे दिले की पापाची माफी मिळते.

वस्तुस्थिती : कन्फेशनला कसलेही शुल्क नाही. हा समज सोळाव्या शतकातल्या युरोपातून आला आहे. तिथे पापाबद्दलची ऐहिक शिक्षा कमी करणारी दंडमाफीची पत्रे देणग्यांच्या बदल्यात वाटली जात होती. मार्टिन ल्यूथरने १५१७ मध्ये त्यावर ९५ प्रबंध लिहिले. ख्रिस्ती माणसाचे सगळे आयुष्यच पश्चात्ताप असले पाहिजे, हे त्यातले पहिलेच विधान आहे. दंडमाफी आजही कॅथलिक परंपरेत आहे, पण तिचा व्यापार चर्चने त्याच शतकात बंद केला.

गैरसमज ४ : फादरना सांगितलेले गावभर होते.

वस्तुस्थिती : कन्फेशनमध्ये ऐकलेले बाहेर सांगणे हा धर्मगुरूसाठी चर्चच्या कायद्यातला अत्यंत गंभीर अपराध आहे. १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने असे करणाऱ्याला पदावरून काढून आयुष्यभर मठात ठेवण्याची शिक्षा ठरवली होती. आजच्या कायद्यानुसार, थेट गौप्यस्फोट करणारा त्या कृतीनेच चर्चमधून बहिष्कृत होतो. फादरना ती माहिती सांगणाऱ्याच्या तोट्यासाठी वापरताही येत नाही, मग तोंडातून एक शब्द निघो वा न निघो. भाषेची अडचण असेल तर दुभाष्याची मदत घेता येते, आणि तोही गुप्ततेने बांधलेला असतो. लहान गावात फादर प्रत्येकाला ओळखतात, याचा संकोच वाटणे साहजिक आहे. त्यासाठीच कोणत्याही गावच्या, अधिकार असलेल्या कोणत्याही फादरकडे जाण्याची मोकळीक आहे. गंभीर पापे वर्षातून किमान एकदा सांगणे बंधनकारक आहे. दर आठवड्याला जाण्याची सक्ती नाही.

गैरसमज ५ : कन्फेशन म्हणजे इन्क्विझिशनचेच हत्यार.

वस्तुस्थिती : गोव्याचे इन्क्विझिशन १५६० मध्ये सुरू झाले आणि मधली काही वर्षे वगळता १८१२ पर्यंत चालले. पोर्तुगीज अमलातले चौलही त्याच्या कक्षेत होते. ते न्यायालय होते : आरोप, तुरुंग, शिक्षा आणि जाहीर अपमान हे त्याचे मार्ग. धर्मविरोधी मतांची क्षमा इन्क्विझिशनने स्वतःकडे राखून ठेवल्याने तसे पाप सांगणाऱ्याला कन्फेशन घेणारे धर्मगुरू तिकडे जायला लावत, आणि लोकांच्या मनात दोन्हींची सांगड बसली. हा इतिहास वेदनादायक आहे आणि तो झाकण्याचे कारण नाही. पण कन्फेशन इन्क्विझिशनपेक्षा कितीतरी शतके जुने आहे आणि त्याचा हेतू नेमका उलटा आहे. न्यायालयात कबुलीनंतर शिक्षा येते, इथे कबुलीनंतर क्षमा येते.

गैरसमज ६ : प्रोटेस्टंट पंथांत पापाची कबुली नसते.

वस्तुस्थिती : असते, फक्त तिचे रूप वेगळे आहे. चर्च ऑफ नॉर्थ इंडियासारख्या मंडळ्यांत उपासनेच्या वेळी सारे जण मिळून पापकबुलीची प्रार्थना म्हणतात आणि पाळक देवाच्या क्षमेची ग्वाही देतात. एकांतात थेट देवाजवळ केलेली कबुली पुरेशी मानली जाते. पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ मध्ये मोठे आध्यात्मिक जागरण झाले, तेव्हा शेकडो मुली-बायकांनी रडत आपली पापे कबूल केली.

गैरसमज ७ : अपराधीपणा जितका जास्त, तितका पश्चात्ताप खरा.

वस्तुस्थिती : पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात दोन प्रकारचे दुःख वेगळे केले आहे : एक माणसाला देवाकडे वळवते, दुसरे मरणाकडे नेते. पेत्राने येशूला नाकारले आणि यहूदाने त्याला पकडून दिले, दोघेही हळहळले. पेत्र परत आला आणि मंडळीचा आधार झाला, यहूदाने जीव दिला. फरक पापाच्या आकारापेक्षा क्षमेवरच्या विश्वासात होता.

जेझुइट संघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला यानेही हे सोसले. १५२२ मध्ये स्पेनमधल्या मानरेसा इथे तो जुनी पापे पुन्हा पुन्हा कबूल करत राहिला, तरी समाधान होईना. जीव देण्याचे विचार येऊ लागले. अखेर मागची पापे पुन्हा सांगायची नाहीत असा निश्चय केल्यावर तो सुटला. आज अशी न संपणारी टोचणी मंत्रचळेपणाचा एक प्रकार असू शकते हे ठाऊक आहे, आणि तेव्हा फादरांबरोबर मानसोपचारतज्ज्ञही लागतो. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये झाला, पण येशूने आपल्याला क्षमा केली आहे ही खात्री त्यांना त्यानंतर सुमारे आठ वर्षांनी आली, असे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. मन मोकळे व्हायला वेळ लागला, म्हणून पश्चात्ताप खोटा ठरत नाही.

पंथ कोणताही असो, ख्रिस्ती शिकवण दोन गोष्टी ठामपणे सांगते. ज्याचे नुकसान केले त्याची भरपाई टाळता येत नाही. आणि ज्या पापाची क्षमा झाली, त्याची शिक्षा स्वतःला रोज नव्याने देत बसण्याचे कारण उरत नाही.