तडा कुठे गेलाय?

काशीला जाणारा मराठी माणूस विश्वेश्वराचं दर्शन घेतो, घाट पाहतो, वेळ उरला तर सारनाथला जाऊन येतो. शहराच्या दुसऱ्या टोकाला मंडुआडीह स्थानक आहे, २०२१ पासून त्याच्या पाटीवर ‘बनारस’ असं लिहिलेलं असतं. त्याच्याजवळच्या रेल्वे इंजिन कारखान्याकडे कुणाची पावलं वळत नाहीत. पण विजेच्या तारा येण्याआधी कोकण रेल्वेनं गावी गेलेल्या किंवा पुण्याहून मिरज-कोल्हापूरला गेलेल्या बहुतेकांना इथल्या डिझेल लोकोनं कधी ना कधी ओढून नेलं आहे.

गावात या कारखान्याला अजून ‘डिरेका’ म्हणतात, म्हणजे डीजल रेल इंजन कारखाना. २०२० मध्ये नाव बदललं आणि कागदावर त्याचा ‘बरेका’ झाला. कोनशिला राजेंद्रप्रसादांनी एप्रिल १९५६ मध्ये बसवली, कारखाना उभा राहिला १९६१ मध्ये. अमेरिकेतल्या अल्को कंपनीच्या तंत्रज्ञानावर बांधलेला पहिला डब्ल्यूडीएम-२ लोको जानेवारी १९६४ मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते बाहेर पडला. शास्त्रीजींचा जन्म गंगेपलीकडच्या मुगलसरायचा, तेव्हा पाहुणा तसा घरचाच होता. पुढे १९६९ मध्ये अल्कोनं लोको बांधणं बंद केलं. मूळ कंपनी थांबली तरी बनारसनं तोच वंश पुढे तीन-चार दशकं चालवला. डब्ल्यूडीएम-२ च अडीच हजारांवर झाले.

रेल्वेच्या भाषेत लोको म्हणजे अख्खं वाहन आणि इंजिन म्हणजे त्याच्या पोटातलं डिझेल यंत्र. या लेखाचा विषय त्याही आतला आहे, इंजिनाचा ब्लॉक. अल्कोचं हे २५१ जातीचं इंजिन सोळा सिलिंडरांचं. सिलिंडर इंग्रजी व्ही अक्षरासारखे दोन ओळींत बसवलेले, प्रत्येकाचा व्यास ९ इंच, दट्ट्याची धाव साडेदहा इंच, ताकद २,६०० अश्वशक्ती. क्रँकशाफ्ट, लायनर, हेड, टर्बो हे सारं ज्याच्या अंगावर बसतं तो सांगाडा म्हणजे ब्लॉक. बाकीचे भाग बदलून बदलून इंजिन वर्षानुवर्षं चालवता येतं. ब्लॉकच गेला तर मात्र ‘दुरुस्त केलं’ म्हणायचं की ‘नवं घेतलं’, असा प्रश्न पडतो.

आपल्या ट्रकचा किंवा शेतातल्या पंपाचा ब्लॉक सहसा ओतीव बिडाचा असतो. अल्कोचा तसा नाही. तो पोलादाच्या जाड पत्र्यांचे कापलेले तुकडे आणि घडाईचे भाग वेल्डिंगनं जोडून उभा करतात. वेल्डिंगच्या आचेनं पोलादात ताण साठतात, म्हणून जोडून झालेला ब्लॉक भट्टीत सहाशे अंशांच्या आसपास तापवून सावकाश निववतात. मगच त्यावर यंत्रकाम होतं. ही मेहनत न करता घाईनं यंत्रावर चढवलेला ब्लॉक आज मापात असेल, पण काही महिने चालल्यावर तो मापात राहीलच असं नाही.

जो ब्लॉक वेल्डिंगनं जन्मला तो वेल्डिंगनं सांधताही येतो. दुरुस्तीची सगळी शक्यता इथून निघते.

मोठ्या दुरुस्तीला आलेला ब्लॉक आधी पूर्ण उघडा करतात आणि तेल-काजळी निघेपर्यंत धुतात. मग तपासणी. लाल रंगाचा पातळ द्रव संशयाच्या जागी लावायचा, तो चिरेत मुरू द्यायचा, वरचा पुसून घ्यायचा आणि पांढरी भुकटी फवारायची. चीर असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ हळूहळू उमटते. नुसत्या डोळ्याला जिथे काहीच दिसत नव्हतं तिथे बोटभर लांबीची रेघ निघते, आणि तिचं टोक कुठे संपतं हे पाहताना अनुभवी फिटर बोलणं थांबवतो. रेघ किती लांब आहे याच्याइतकंच ती कुठून कुठे चालली आहे याला महत्त्व असतं.

सर्वांत भयानक दिसणारा अपघात म्हणजे कनेक्टिंग रॉड तुटून ब्लॉकची भिंत फोडून बाहेर येणं. भगदाड पाहून कुणीही म्हणेल, आता हा भंगारात. पण पोलादी ब्लॉकमध्ये ते भगदाड अनेकदा सांधण्याजोगं असतं. फाटलेला पत्रा निरोगी धातूपर्यंत कापून काढायचा, त्याच जाडीचा नवा तुकडा कडा तासून बसवायचा, आधी तापवून कोरड्या, कमी हायड्रोजनच्या इलेक्ट्रोडनं वेल्ड भरायचा, जोड पुन्हा तपासायचा. काम कष्टाचं, पण त्यात गूढ काही नाही.

उलट बाहेरून धडधाकट दिसणारा ब्लॉक बाद होऊ शकतो. क्रँकशाफ्ट ज्या नऊ मेन बेअरिंगांवर फिरते त्यांच्या खोबणी एका सरळ रेषेत असाव्या लागतात, आणि ही सरळ रेषा मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत मोजतात. तेल कमी पडून एखादं बेअरिंग जळालं की खोबणीचं पोलाद तापून निळसर पडतं, गोल भोक लांबट होतं, कधी शेजारची खोबणही रेषेतून सरकते. वरवरचा लांबटपणा धातू चढवून आणि सगळी भोकं एका दांड्यावर पुन्हा कोरून काढता येतो. पण कोरताना शाफ्टचा मध्य जरी किंचित सरकला तरी कॅमशाफ्टच्या गिअरशी तिची जुळणी बिघडते. आणि त्या जागेचा कठीणपणाच बदलला असेल किंवा चीर खोबणीतून आधाराच्या भिंतीत उतरली असेल, तर ब्लॉक कंडेम करणंच शहाणपणाचं. सांधलेली खोबण सुरुवातीला टिकते, मग भर वेगात सुटते आणि जाताना क्रँकशाफ्टही घेऊन जाते. क्रँकशाफ्टची किंमत धरली की वाचवलेला ब्लॉक फार महाग पडतो.

वाचवता आला की मात्र तो बराच काळ साथ देतो. भारतीय रेल्वेत डिझेल लोकोचं आयुष्य ३६ वर्षांचं धरलं आणि निम्म्यावर, म्हणजे १८ वर्षांनी, संपूर्ण पुनर्बांधणी ठेवली. त्यासाठी पतियाळाला १९८१ मध्ये वेगळा कारखानाच काढला. तिथे २,६०० अश्वशक्तीचे जुने लोको ३,१०० चे होऊन बाहेर पडले. मधल्या वयात ताकद वाढणं माणसांच्या नशिबी क्वचितच येतं.

बिडाची गोष्ट वेगळी. त्यात कार्बन तीन टक्क्यांच्या आसपास असतो. वेल्डची आच लागली की जोडाशेजारचा पट्टा काचेसारखा कठीण होतो आणि निवताना जोडाच्या कडेनं नवी चीर जाते. म्हणून एक तर पूर्ण ब्लॉक तापवून निकेलच्या सळईनं जोडायचा, नाहीतर आच न लावता शिवायचा. चिरेच्या रेषेवर भोकं पाडायची, आटे घालायचे, एकमेकांत थोडे शिरणारे स्क्रू बसवायचे आणि चिरेच्या आडवे धातूचे टाके ठोकायचे. पाण्याच्या जाकिटाला गेलेल्या चिरेला हा उपाय चांगला लागू पडतो. बेअरिंगच्या जागी गेलेल्या चिरेला मी तो करू देणार नाही, मिस्त्री कितीही छातीठोकपणे सांगो. ट्रक किंवा मोटारीच्या मालकाला आणखी एक अडचण असते. इंजिन क्रमांक ब्लॉकवरच कोरलेला असतो, त्यामुळे ब्लॉक बदलला की आरटीओची परवानगी आणि आरसी बुकातली दुरुस्ती आलीच. कितीतरी ब्लॉक धातूच्या गुणांपेक्षा या कागदांच्या धास्तीनं सांधले जातात.

बनारसच्या कारखान्याला हाच प्रश्न पुढे अख्ख्या लोकोबद्दल पडला. रेल्वेनं सगळे मार्ग विजेवर न्यायचं ठरवलं, मग ठणठणीत डिझेल लोकोंचं करायचं काय? डिसेंबर २०१७ मध्ये त्यांनी दोन डब्ल्यूडीजी-३ए लोको घेतले, डिझेल यंत्रं काढली आणि ६९ दिवसांत त्यांचा १०,००० अश्वशक्तीचा जुळा विद्युत लोको केला. फेब्रुवारी २०१९ मध्ये पंतप्रधानांनी त्याला हिरवा झेंडा दाखवला. कौतुक झालं, झालंच पाहिजे होतं. पण ही वाट पुढे राजमार्ग झाली नाही. नवे विद्युत लोको तिथेच वेगानं बनू लागले होते, आणि जुन्या सांगाड्यात नवं यंत्र बसवण्यापेक्षा रेल्वेला ते सोयीचं होतं. ब्लॉकपाशी जो हिशेब फिटर करतो, तोच इथे रेल्वे बोर्डानं केला.

डिझेल लोको बनारसमध्ये आज बनतात ते मुख्यतः परदेशासाठी. २०२१ मध्ये मोझांबिकला केप गेजवरचे, ३,००० अश्वशक्तीचे लोको गेले. तिकडच्या एखाद्या शेडमध्ये ब्लॉक उघडा होऊन पडेल तेव्हा चिरेची जागा पाहावी लागेलच, शिवाय नवा ब्लॉक समुद्रमार्गे यायला किती महिने लागतील आणि तोवर मालगाडी कोण ओढणार, हेही मोजावं लागेल. पुण्याच्या शेडमध्ये जो ब्लॉक बाद ठरला असता, तो तिथे कदाचित सांधला जाईल.