जुने घर घेताना : आधी परीक्षण, मग इसार

स्वतःचे घर व्हावे, ही प्रत्येक कुटुंबाची इच्छा असते. नव्या वसाहतींतील भाव परवडत नाहीत, तेव्हा जळगाव शहरात सामावलेल्या पिंप्राळ्यासारख्या मूळच्या गावातील जुन्या घराचा विचार होतो. भविष्यनिर्वाह निधी, दागिने आणि कर्ज यांतून त्याचे पैसे उभे राहतात. म्हणूनच इसार देण्यापूर्वी घराचे सविस्तर परीक्षण का करावे, हे आम्ही येथे मांडीत आहोत.

प्रथम कायदा पाहू. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५५ नुसार, खरेदीदाराला सर्वसाधारण दक्षता घेऊनही कळू शकणार नाही असा महत्त्वाचा दोष विक्रेत्याला ठाऊक असेल, तर तो त्याने सांगितला पाहिजे. याचाच दुसरा अर्थ असा की, डोळसपणे पाहिले असते तर जो दोष दिसला असता, त्याचा भार खरेदीदारावरच पडतो.

खान्देशातील काळी माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसते. पाया मुरमापर्यंत गेलेला नसेल, तर खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरप्या भेगा पडतात. नवा रंग त्या झाकतो. बरा मात्र करीत नाही. धाब्याच्या घरात तुळयांची भिंतीत रुतलेली टोके तपासावीत. वाळवी व ओल तेथेच लपतात. धाब्यावर वर्षानुवर्षे माती चढवली गेली असेल, तर छताचा भारही वाढलेला असतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात दगडमातीच्या भिंती व जड माळवदे कोसळून हजारो माणसे दगावली, हे विसरता येत नाही. स्लॅबच्या घरात गंजून फुगलेल्या सळया आणि सुटलेला गिलावा पाहावा. तीस वर्षे पूर्ण झालेल्या इमारतीची संरचनात्मक तपासणी महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६५ अ नुसार आवश्यक आहे. तिचा अहवाल विक्रेत्याकडे मागावा.

दुसरे परीक्षण जागेचे. घरपट्टीची पावती म्हणजे मालकीचा पुरावा नव्हे. मिळकत पत्रिका किंवा सातबारा, जुनी खरेदीखते, वारसांच्या नोंदी व बोजा वकिलाकडून तपासून घ्यावा. भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून नकाशाशी प्रत्यक्ष हद्द ताडून पाहावी. शेजाऱ्याशी भिंत सामाईक असेल, तर ती कोणाची आणि जाण्यायेण्याचा व सांडपाण्याचा हक्क कसा आहे, हे लेखी ठरवावे.

अभियंत्याकडून दुरुस्तीच्या अंदाजित खर्चासह लेखी अहवाल घ्यावा. तो खर्च किमतीत मिळवला की स्वस्त वाटलेले घर खरोखर स्वस्त आहे का, ते कळते. मग भाव कमी करून घेता येतो, किंवा नम्रपणे नकार देता येतो. परीक्षणाला खर्च येतो हे खरे. परंतु आयुष्यभराच्या कमाईपुढे तो अल्पच होय.

गृहप्रवेशाच्या आशीर्वादासाठी आपण धर्मगुरूंना आवर्जून बोलावतो. त्याआधी, इसार देण्यापूर्वीच, अभियंता आणि वकील यांनाही त्या उंबरठ्यावर बोलवावे, एवढेच आमचे सांगणे आहे.