कंपनी कायदा 2013 : संचालक मंडळ, भागधारक आणि कंपनी-समूह

कंपनी ही कायद्याच्या दृष्टीने स्वतंत्र व्यक्ती होय. तिचे भांडवल भागधारक पुरवितात. कारभार मात्र संचालक मंडळ पाहते. दुसऱ्याची ठेव सांभाळण्याच्या या जबाबदारीस उर्दूत ‘अमानत’ म्हणतात. मराठीतील ‘अनामत’ हा शब्द त्याचेच रूप आहे. या अमानतीत खयानत झाली तर काय घडते, हे हैदराबादच्या सत्यम कॉम्प्युटर्स प्रकरणाने दाखवून दिले.

16 डिसेंबर 2008 रोजी सत्यमच्या संचालक मंडळाने मेटास प्रॉपर्टीज व मेटास इन्फ्रा या कंपन्यांच्या खरेदीस मान्यता दिली. व्यवहार सुमारे 1.6 अब्ज डॉलरचा होता. या दोन्ही कंपन्या सत्यमच्या संस्थापक राजू कुटुंबाशी निगडित होत्या. सत्यममध्ये मात्र या कुटुंबाचा वाटा दहा टक्क्यांहूनही कमी होता. म्हणजे पैसा बहुतांशी इतरांचा आणि लाभ घरचा. मंडळावर माजी मंत्रिमंडळ सचिव व व्यवस्थापनशास्त्राचे नामवंत प्राध्यापक असूनही ठराव संमत झाला. भागधारकांचे मत घेतले गेले नव्हते. गुंतवणूकदारांच्या संतापामुळे काही तासांतच तो मागे घ्यावा लागला. 7 जानेवारी 2009 रोजी अध्यक्ष रामलिंग राजू यांनी हिशेब खोटे असल्याची लेखी कबुली दिली. ताळेबंदातील सुमारे 5,040 कोटी रुपयांची शिल्लक अस्तित्वातच नव्हती.

अमेरिकेतील गुंतवणूकदारांनी सामूहिक दावा केला व 2011 मध्ये कंपनीने 12.5 कोटी डॉलर देऊन तडजोड केली. भारतातील लहान भागधारकांना कंपनी कायद्यात असा मार्ग त्या वेळी उपलब्ध नव्हता.

1956 च्या कायद्याची जागा घेणाऱ्या 2013 च्या कायद्यात या अनुभवाची छाया दिसते. कलम 149 नुसार शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीच्या मंडळावर किमान एक-तृतीयांश स्वतंत्र संचालक हवेत. त्यांना सलग दोनच मुदती मिळतात. कलम 139 प्रमाणे अशा कंपनीस लेखापरीक्षक संस्था दहा वर्षांनी बदलावी लागते. समूहातील मुख्य कंपनीने उपकंपन्यांसह एकत्रित हिशेब मांडणे कलम 129 ने बंधनकारक केले. 2017 च्या नियमांनी, काही अपवाद वगळता, उपकंपन्यांचे थर दोनवर मर्यादित केले.

सर्वांत महत्त्वाचे कलम 188 होय. हितसंबंधी व्यक्तींशी होणारा व्यवहार नेहमीच्या धंद्यातील व बाजारभावाचा नसेल आणि विहित मर्यादेपलीकडे असेल, तर भागधारकांची मंजुरी लागते. हितसंबंधी सभासदास त्या ठरावावर मत देता येत नाही. कलम 245 ने सामूहिक दाव्याचा हक्कही दिला. ते 2016 पासून लागू आहे.

तथापि उणिवा उरतातच. स्वतंत्र संचालकाची निवड सभेतील मतांनी होते आणि पुष्कळदा बहुतांश मते प्रवर्तकांच्याच हाती असतात. सामूहिक दाव्यासाठी विखुरलेल्या सभासदांना एकत्र यावे लागते. म्हणूनच सभेची नोटीस वाचणे व मत नोंदविणे या साध्या गोष्टी विद्यार्थ्यांना शिकविणे अगत्याचे आहे. कायदा हक्क देतो. तो बजावण्याचे काम अखेर भागधारकाचेच असते.