थंड पाण्याची पुळण : लिमँटूर

समुद्रकिनारा म्हटला की महाराष्ट्रातील वाचकाच्या डोळ्यांसमोर माडांच्या राई, सुरूची बने आणि सायंकाळी पोहणाऱ्या मुलांचा गलबला उभा राहतो. अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यातील लिमँटूरची पुळण या कल्पनेत मुळीच बसत नाही. सॅन फ्रान्सिस्को या महानगराच्या वायव्येस सुमारे ५० किलोमीटरवर पॉइंट रेज नावाचे द्वीपकल्प पॅसिफिक महासागरात घुसलेले आहे. त्याच्या दक्षिण अंगाला, ड्रेकच्या उपसागराकडे तोंड करून ही वाळूची लांबलचक पट्टी पसरली आहे. येथे उपाहारगृह नाही, दुकान नाही, पाण्यावर देखरेख करणारा जीवरक्षकही नाही. भर उन्हाळ्यात पाण्यात उतरावे तर काही क्षणांत पाय बधिर होतात. आणि पुळणीच्या पाठीमागे काय, तर चिखल आणि दलदल. तरीही अमेरिकेच्या संघराज्य शासनाने कोट्यवधी डॉलर खर्चून हा प्रदेश विकत घेतला आणि तो जवळजवळ मोकळा ठेवला. प्रवाशाला नकोसे वाटणारे थंड पाणी आणि नकोसा वाटणारा चिखल हीच या किनाऱ्याची खरी संपत्ती आहे, हे ध्यानात आल्यावाचून या व्यवहाराचा अर्थ लागत नाही.

डोंगर ओलांडून

शहर सोडल्यानंतर रस्ता अरुंद होत जातो. ओलेमा या लहानशा गावाजवळ तो एका लांबट दरीत उतरतो. ही दरी म्हणजे सॅन अँड्रियास या प्रसिद्ध भूभ्रंशाची रेषा होय. दरीच्या अलीकडची भूमी उत्तर अमेरिकेच्या भूपट्टावर, तर पलीकडचे संपूर्ण द्वीपकल्प पॅसिफिक भूपट्टावर आहे. १९०६ च्या भूकंपात या दरीतील एक कुंपण मधोमध तुटून त्याचे दोन भाग एकमेकांपासून ५ मीटरांच्या आसपास सरकले. बेअर व्हॅली येथील माहिती केंद्राजवळ ती जागा आजही दाखविली जाते.

तेथून लिमँटूरचा रस्ता इन्व्हर्नेसच्या डोंगररांगेवर चढतो. १९९५ च्या ऑक्टोबरमध्ये या रांगेवर वणवा पेटून १२ हजार एकरांहून अधिक जंगल आणि ४५ घरे भस्मसात झाली. येथील पाइन वृक्षांची एक जात अशी की तिची बोंडे आगीच्या उष्णतेनेच उघडतात. त्यामुळे जळलेल्या उतारावर पुढे दाट रोपे उगवली. रांग ओलांडताच समोर समुद्र दिसतो. दिसतो म्हणजे, धुके नसेल तर.

पाणी थंड का?

अक्षांशाने पाहिले तर हा प्रदेश फार उत्तरेचा नव्हे. भूमध्य समुद्रातील सिसिली बेट जवळपास याच अक्षांशावर आहे आणि तेथे लोक उन्हाळाभर पोहतात. येथे मात्र पाण्याचे तापमान वर्षभर साधारणतः १० ते १५ अंश सेल्सिअस असते; कोकणच्या किनाऱ्यावर ते २६ ते ३० अंशांच्या आसपास राहते. याचे एक कारण उत्तरेकडून येणारा कॅलिफोर्निया प्रवाह. दुसरे आणि अधिक महत्त्वाचे कारण वाऱ्यात आहे. वसंतात आणि उन्हाळ्याच्या आरंभी वायव्येचा जोरदार वारा किनाऱ्याला समांतर वाहतो. पृथ्वीच्या परिवलनामुळे पृष्ठभागावरचे पाणी वाऱ्याच्या दिशेने सरळ न जाता उजवीकडे, म्हणजेच किनाऱ्यापासून दूर लोटले जाते. रिकाम्या झालेल्या जागी खोल समुद्रातील गार पाणी वर येते.

हे वर येणारे पाणी केवळ गार नसते. समुद्रात मेलेल्या जीवांचे अवशेष खाली बसतात, कुजतात आणि त्यांतील नत्र, स्फुरद यांसारखी पोषक द्रव्ये अंधाऱ्या खोलीत साठून राहतात. शेतात खोल नांगरट करून खालची माती वर आणावी, तसा हा प्रकार आहे. ती द्रव्ये सूर्यप्रकाशात येताच सूक्ष्म वनस्पतींचे अमाप पीक येते. त्यावर कोळंबीसारखे बारीक जीव वाढतात, त्यांच्यावर मासे, आणि माशांवर पक्षी, सील व देवमासे. जगातील मोजक्या समृद्ध मासेमारी क्षेत्रांत कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याची गणना होते ती या गारठ्यामुळेच.

धुकेही त्याचेच अपत्य. समुद्रावरून येणारी ओलसर हवा गार पाण्याला टेकली की तिच्यातील बाष्पाचे संघनन होते आणि जून-जुलैमध्ये किनारा दिवसेंदिवस करड्या पडद्याआड जातो. द्वीपकल्पाच्या टोकावरील दीपगृह १८७० मध्ये बांधले, ते कड्याच्या माथ्यावर नव्हे तर बरेच खाली, कारण माथ्यावरचा दिवा धुक्यात बुडून गेला असता. त्यासाठी तीनशेहून अधिक पायऱ्या उतराव्या लागतात. चढणे अर्थातच त्याहून कठीण.

वाळूच्या दांड्यामागील खाजण

लिमँटूरची पुळण म्हणजे वस्तुतः एक वाळूचा दांडा आहे. लाटांनी वाहून आणलेल्या वाळूने उपसागराच्या कडेला बांध घातला आणि त्याच्या आडोशाला शांत खाडी निर्माण झाली. वाहने उभी करण्याच्या जागेपासून पायवाट आधी या दलदलीतून जाते, मग वाळूच्या टेकड्या चढते आणि मगच समुद्र येतो. बहुतेक प्रवासी दलदल घाईने ओलांडतात. ओहोटीच्या वेळी येथे थांबणारा मात्र रित्या हाताने परतत नाही. चिखलाचे विस्तीर्ण पट्टे उघडे पडतात आणि लांब चोचींचे पाणपक्षी त्यांतील किडे व शिंपले टिपू लागतात. कडेने मांसल देठांच्या खुरट्या वनस्पती वाढतात, त्या शरद ऋतूत लालसर होतात. कोकणातील खाजणाच्या परिचिताला हा देखावा फारसा परका वाटणार नाही. कांदळवन तेवढे येथे नाही, कारण हवा त्याला मानवत नाही. शेजारच्या ड्रेक खाडीत पाण्याखालील गवताची कुरणे आहेत आणि वाळूच्या उंचवट्यांवर सील मोठ्या संख्येने पिल्ले वाढवितात.

भूखंड की पाणी?

ही जागा अशीच राहील, असे १९५० नंतरच्या दशकात कोणी छातीठोकपणे सांगू शकले नसते. महानगरापासून तासा-दीड तासाच्या अंतरावरील समुद्रकाठची जमीन, तिच्यावर जमीन-विकासकांची दृष्टी गेली नसती तरच नवल. लिमँटूरलगत वसाहतीची आखणी झाली, रस्ते काढले गेले, काही घरेही उभी राहिली. १३ सप्टेंबर १९६२ रोजी अध्यक्ष केनेडी यांनी पॉइंट रेज राष्ट्रीय सागरकिनाऱ्याच्या कायद्यावर स्वाक्षरी केली आणि ही वाटचाल थांबली. पण कायदा करणे वेगळे आणि जमीन हाती येणे वेगळे. खरेदीसाठी १ कोटी ४० लाख डॉलरांची मर्यादा ठरविण्यात आली होती. उद्यान होणार म्हणताच जमिनीचे भाव चढले, पैसा संपला आणि नकाशावर ठिगळे लावल्यासारखे तुकडे तेवढे शासनाकडे आले. १९६९ मध्ये नागरिकांनी मोठी मोहीम चालविली. त्यानंतर १९७० मध्ये ही मर्यादा ५ कोटी ७५ लाख डॉलरांपर्यंत वाढविण्यात आली. विलंबाची ही किंमत लक्षात ठेवण्याजोगी आहे. पुढे लिमँटूरची घरे हटविण्यात आली. आज ७० हजार एकरांहून मोठा प्रदेश संरक्षित आहे आणि त्यात प्रवेशासाठी शुल्क नाही.

जमीन मिळाली तरी पूर्वी घातलेले बांध राहिलेच होते. लिमँटूरच्या परिसरात गुरांसाठी व वसाहतीसाठी ओढ्यांवर मातीचे बांध घातलेले होते. त्यांच्यामुळे गोडे पाणी तळ्यांत अडे आणि भरतीचे पाणी वर चढू शकत नसे. त्यांतील काही या शतकाच्या पहिल्या दशकात काढून टाकण्यात आले. याहून मोठे काम द्वीपकल्पाच्या दुसऱ्या अंगाला, टोमालेस खाडीच्या दक्षिण टोकाशी झाले. १९४० नंतरच्या दशकात तेथे बांध घालून खाजणाचे दुग्धव्यवसायासाठी कुरण बनविले होते. खारे पाणी बाहेर ठेवून जमीन लागवडीखाली आणण्याची ही रीत कोकणातील खारबंदिस्तीहून तत्त्वतः वेगळी नव्हे. राष्ट्रीय उद्यान सेवेने २००० मध्ये ती सुमारे ५५० एकर जमीन विकत घेतली आणि २००८ च्या ऑक्टोबरमध्ये बांध फोडून भरतीला आत घेतले. पुराचे पाणी पसरायला जागा मिळाली, गाळ खाडीत जाण्यापूर्वी बसू लागला आणि पाणपक्षी परतले.

सर्वच निर्णय इतके सुखाचे नव्हते. ड्रेक खाडीत अनेक दशके कालव्यांची शेती चालत असे. तिचा परवाना २०१२ मध्ये संपला आणि शासनाने तो वाढवून दिला नाही. प्रकरण न्यायालयांत गेले. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये हस्तक्षेप करण्याचे नाकारल्यावर त्या वर्षअखेर व्यवसाय बंद झाला. खाडी मोकळी झाली, पण तेथील कामगारांना रोजगारास मुकावे लागले. परिसरातील जनमत या प्रश्नावर दुभंगले आणि ती कटुता लवकर गेली नाही. संरक्षणाचा खर्च केवळ डॉलरांत मोजता येत नाही, हे येथे स्पष्ट दिसले.

चिमणीएवढा पाहुणा

थंडीच्या दिवसांत लिमँटूरच्या कोरड्या वाळूत पावलांच्या खळग्यांमध्ये काही फिकट रंगाचे पक्षी बसलेले असतात. चिमणीहून जरा मोठा असा हा चिखल्या जवळ जाईपर्यंत दिसत नाही. मार्च ते सप्टेंबर या काळात हे पक्षी पॅसिफिकच्या वाळवंटी किनाऱ्यांवर उघड्यावरच, वाळूतील उथळ खड्ड्यात बहुधा तीन अंडी घालतात. माणसाचा पाय किंवा मोकाट कुत्रे यांपुढे अशा घरट्याचा निभाव लागत नाही. शिवाय प्रवाशांनी टाकलेल्या खरकट्यावर डोमकावळे जमतात आणि मग अंडीही फस्त करतात. १९९३ मध्ये या पक्ष्याची पॅसिफिक किनाऱ्यावरील संख्या संकटग्रस्त म्हणून घोषित झाली. द्वीपकल्पाच्या पश्चिम किनाऱ्यावर घरट्यांभोवती जाळी उभारतात आणि उन्हाळ्यातील शनिवार-रविवारी काही भागात प्रवेश बंद ठेवतात. लिमँटूरवर कुत्र्यांना एका बाजूच्या पुळणीवरच, आणि तेही साखळीला बांधून, नेता येते.

या पाहुण्याचा महाराष्ट्राशीही दूरचा का होईना, संबंध आहे. कोकणच्या पुळणींवर आणि खाजणांवर हिवाळ्यात दिसणारा केंटिश चिखल्या आणि हा अमेरिकी पक्षी हे दोन्ही २०११ पर्यंत एकाच जातीचे मानले जात. त्या वर्षी अमेरिकी पक्षीशास्त्रज्ञांनी त्यांची स्वतंत्र जातींत विभागणी केली.

जायचे केव्हा

सप्टेंबर आणि ऑक्टोबर हे महिने सर्वांत अनुकूल. वायव्येचा वारा मंदावतो, धुके विरते आणि पाणीही एक-दोन अंशांनी कमी गार असते. डिसेंबर-जानेवारीत करडे देवमासे दक्षिणेकडे जातात आणि वसंतात पिलांसह परततात. त्यांसाठी दीपगृहाकडे जावे. लिमँटूर उपसागराच्या आडोशाला असल्याने येथील लाटा पश्चिमेच्या उघड्या किनाऱ्याएवढ्या उग्र नसतात. तरीही समुद्राकडे पाठ करून उभे राहू नये, ही सूचना येथेही लागू आहे. पिण्याचे पाणी व खाद्यपदार्थ बरोबर न्यावेत, उन्हाळ्यातही लोकरी कपडा जवळ ठेवावा आणि निघण्यापूर्वी माहिती केंद्रात भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहून घ्यावे. ओहोटी लागल्यावर पोहोचले तर खाजण आधी पाहता येते आणि समुद्र तर कुठे जात नाही.