पेट्रोल कुठे अडलं?

५ मे २०१६. उज्जैनचा सिंहस्थ सुरू होऊन जेमतेम दोन आठवडे झाले होते आणि रामघाटावर स्नानाला येणाऱ्यांची रीघ लागलेली होती. त्या दिवशी वादळी पावसाने मेळ्यातले मंडप कोसळले, सात जणांचा जीव गेला. पुढचा सिंहस्थ २०२८ मध्ये, तोही उन्हाळ्यातच. अशा गर्दीत घाटाच्या रस्त्यावर झाड आडवं झालं, तर रुग्णवाहिकेची वाट मोकळी करायला चेनसॉ हवीच. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळाने रायगडमध्ये झाडं उन्मळून पडली, तेव्हा राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या जवानांनी याच यांत्रिक करवती चालवून रस्ते मोकळे केले.

आपत्तीसाठी ठेवलेली करवत वर्षातले बहुतेक दिवस पडूनच असते. म्हणून ऐन वेळी ती सुरू होत नाही, आणि दोष बऱ्याचदा पेट्रोलच्या वाटेवरच सापडतो.

ही वाट लहानशी आहे. टाकीतल्या रबरी नळीच्या टोकाला वजनदार फिल्टर असतो. मशीन कसंही धरलं तरी तो पेट्रोलबरोबर सरकतो. पुढे कार्बोरेटर. जुन्या मोटरसायकलच्या कार्बोरेटरमधला फ्लोट मशीन उलटं केल्यावर काम करत नाही. करवत मात्र आडवी, तिरकी, कशीही धरावी लागते. म्हणून तिच्यात फ्लोटऐवजी पातळ पडदे, म्हणजे डायफ्रॅम असतात. पिस्टनच्या हालचालीने इंजिनाच्या पोटातला दाब कमी-जास्त होतो. त्या ठोक्यांवर एक डायफ्रॅम पेट्रोल ओढतो. दुसरा बारीक सुईची झडप उघडून मोजकंच पेट्रोल पुढे सोडतो.

तपास स्पार्क प्लगपासून सुरू करावा. पुन्हा पुन्हा दोरी ओढूनही मशीन सुरू झालं नाही, तर प्लग काढून पाहावा. तो कोरडा असेल तर पेट्रोल पोचत नाही. चिंब ओला असेल तर पेट्रोल जास्त झालंय किंवा ठिणगी पडत नाही.

मशीन सुरू होऊन काही मिनिटांत बंद पडतं? ते थंड झाल्यावर टाकीचं झाकण उघडून पुन्हा लावावं. त्यानंतर ते सुरू होऊन तेवढाच वेळ चालत असेल, तर टाकीत हवा जाण्याचं छिद्र तुंबलंय. पेट्रोल उपसलं जातं, त्याच्या जागी हवा येत नाही, आणि ओढ संपते.

चोक लावल्यावर चालतं, चोक काढला की बंद पडतं, ही दुसरी नेहमीची तक्रार. हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय. आधी स्वस्तातला फिल्टर बदलावा. मग नळी टोकांपाशी वाकवून चिरा शोधाव्यात. त्यानंतरच कार्बोरेटर उघडून आतली जाळी आणि डायफ्रॅम तपासावेत. कडक झालेला डायफ्रॅम बदलण्यासाठी दुरुस्ती संच मिळतो.

मूळ अडथळा न काढता कार्बोरेटरचा स्क्रू फिरवून वेळ मारून नेणं मात्र महागात पडतं. करवतीच्या टू-स्ट्रोक इंजिनाला वंगण पेट्रोलमधूनच मिळतं. ५०:१ मिश्रणात लिटरमागे २० मिली टू-टी ऑइल असतं. पेट्रोल कमी पोचलं की ऑइलही कमी पोचतं. इंजिन तापतं, पिस्टनवर ओरखडे उठतात आणि शेवटी ते जाम होतं.

आता इथेनॉलचाही विचार करायला हवा. २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल भारतात २०२३ पासून मिळू लागलं. इथेनॉल हवेतला ओलावा शोषतं. पाणी फार झालं की ते इथेनॉलसह तळाशी बसतं, आणि टाकीतला फिल्टरही तळाशीच असतो. जुन्या रबरी नळ्यांनाही इथेनॉल सोसत नाही. म्हणून आपल्या मशीनला किती इथेनॉल चालतं, हे त्याच्या माहितीपुस्तिकेत पाहावं.

आपत्तीच्या करवतींसाठी पथकांनी ताजं मिश्रण थोडंथोडंच बनवावं आणि डब्यावर तारीख लिहावी. मशीन महिनाभर लागणार नसेल तर टाकी रिकामी करून ते आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवावं, म्हणजे कार्बोरेटरमध्ये पेट्रोल सुकून चिकटत नाही. उन्हाळी वादळांच्या आणि पावसाळ्याच्या आधी ताजं मिश्रण भरून प्रत्येक मशीन एकदा लाकडावर चालवून पाहावं. सुटे फिल्टर, नळी, प्लग आणि डायफ्रॅमचा संच त्याच पेटीत ठेवावा.