पुली वाटोळी की छत्तीसकोनी?

त्रिमितीचा दस्तऐवज : लेखांक नववा

पीआरसीचे, म्हणजे पीडीएफमध्ये त्रिमिती ठेवण्याच्या दुसऱ्या एका पद्धतीचे, प्रकरण या आठवड्यात उघडीन असे गेल्या खेपेस मी लिहून बसलो होतो. परंतु मध्यंतरी राजापूर तालुक्यातील एका वाचकांचे पत्र आले आणि ठरलेला क्रम मोडणे भाग पडले. जांभ्याचे चिरे कापण्याच्या यंत्रासाठी पुली ओतून घ्यावी म्हणून त्यांनी तिच्या आराखड्याची पीडीएफ मागवली. ती संगणकावर माउसच्या ओढीसरशी गरगर फिरते, आणि मोबाइलवर मात्र भिंतीवरच्या तसबिरीसारखी निश्चल राहते. तेव्हा वाटेत काही गहाळ झाले की काय, अशी त्यांची पृच्छा आहे.

गहाळ काहीही झालेले नाही. पीडीएफमध्ये त्रिमितीय आकृती ठेवताना तिच्यासोबत एक साधे चित्रही ठेवलेले असते, आणि ज्या अ‍ॅपला त्रिमितीची लिपी येत नाही ते हे चित्र दाखवून मोकळे होते. मोडी न येणारा कारकून दस्तावरचा शिक्का पाहून कागद पुढे सरकवतो, त्यातलाच हा प्रकार. संगणकावरसुद्धा अ‍ॅक्रोबॅट रीडर सुरक्षेच्या कारणास्तव त्रिमिती बंदच ठेवतो, आणि या दस्तऐवजावर आपला भरवसा आहे अशी कबुली आपण दिल्यावाचून ती खुली करीत नाही.

पण पत्रातले ‘पुली’ आणि ‘ओतून’ हे दोन शब्द वाचून मला माझीच एक फजिती आठवली, आणि खरे सांगायचे तर आजचा लेखांक मी तिच्यासाठीच खर्ची घालणार आहे.

अशाच एका यंत्राची ६०० मिलिमीटर व्यासाची पुली मला कोल्हापुराहून ओतून आणावयाची होती. आंबा घाटापलीकडच्या त्या मंडळींना ई-मेलने सहज जावी म्हणून मी पीडीएफ करताना आकृतीची सफाई कमीत कमी ठेवली आणि फाइल हलकी झाली म्हणून स्वतःवर खूष झालो. दुसऱ्या दिवशी साचा करणाऱ्या मिस्त्रींचा फोन आला : “साहेब, पुली सहाशेची म्हणालासा, आणि हितं मोजली तर पाचशे सत्त्याण्णव पॉइंट सात भरतीया. कुठलं माप धरू?” ओतीव लोखंड निवताना मीटरमागे सुमारे १० मिलिमीटर आकसते, म्हणून साच्याच्या मापात तेवढी वाढ आधीच धरावी लागते, ती मूळ मापातच घोळ असताना धरायची तरी कशावर?

घोळ माझ्या काटकसरीचा होता. आराखडा करणाऱ्या प्रणालीत वर्तुळ हे गणिती वर्तुळच असते. परंतु २००५ साली अ‍ॅक्रोबॅटच्या सातव्या आवृत्तीबरोबर पीडीएफमध्ये जी यूथ्रीडी पद्धत आली, तिच्यात व्यवहारतः प्रत्येक वक्र पृष्ठभागाचे बारीक सपाट त्रिकोण पाडले जातात. माझ्या पुलीचा परीघ अशा रीतीने छत्तीस बाजूंचा झाला होता. कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत मोजले तर पूर्ण ६०० मिलिमीटर. मात्र प्रत्येक बाजूच्या मध्यावर ती खऱ्या वर्तुळाच्या १.१४ मिलिमीटर आत राहते, आणि मिस्त्रींनी नेमके बाजूपासून समोरच्या बाजूपर्यंत मोजले होते. हेच भाग बहात्तर केले की ही तूट ०.२९ मिलिमीटरवर येते. म्हणजे बाजू दुप्पट केल्या की चूक चौथाईवर उतरते, आणि फाइल मात्र त्या मानाने फुगत जाते. पडद्यावर दोन्ही पुल्या सारख्याच वाटोळ्या दिसतात, कारण छायाप्रकाशाची सारवासारव संगणक फार बेमालूम करतो.

तेव्हा राजापूरच्या वाचकांस माझे सांगणे असे, की ही पीडीएफ म्हणजे पाहण्याची नक्कल आहे. तिच्यावरून यंत्राचा बोध करून घ्यावा, दात्यांची संख्या मोजावी, कोठे बोल्ट बसतो ते फिरवून पाहावे, पण साचा करावयास अस्सल म्हणून वर्तुळ गणिती वर्तुळच ठेवणारी स्टेप फाइल अथवा मापे लिहिलेला नकाशाच द्यावा. मीही त्या दिवशी मुकाट्याने स्टेप फाइल पाठवली आणि सोबतच्या कागदावर व्यास अंकी व अक्षरी लिहून दिला. मिस्त्रींनी साचा केला तो त्या कागदाबरहुकूम. फाइल त्यांनी उघडलीच नव्हती, हे मला पुढे कळले.

पीआरसीमध्ये वर्तुळ वर्तुळच ठेवण्याची सोय आहे. तो विषय पुढल्या आठवड्यात, आणखी पत्र न आल्यास.